उत्तमशेठकडे नेट नाही

उत्तमशेठचं भांड्यांचं दुकान जव्हारच्या बाजारामागच्या आळीत आहे. दुकानामागे त्यांचं घर आणि वरच्या मजल्यावर मी, भाडेकरू. एका कचेरीत कारकुनी करतो. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची हा माझा धंदा, आणि घरी आल्यावर खालचं सगळं ऐकू येतं तो त्या धंद्याचा ओव्हरटाइम, बिनपगारी. त्यामुळे उत्तमशेठबद्दल मी जे सांगतोय त्यातलं निम्मं मी पाहिलेलं आहे आणि निम्मं फरशीतून वर आलेलं आहे.

उत्तमशेठ भांडी विकतात, पण भांडी काय कोणीही विकतं. त्यांची ख्याती आहे ती भांड्यांवर नाव घालण्यात. जाड पेन्सिलीएवढं एक मशीन आहे. ते घुर्रर्र करत ताटाच्या कडेवरून फिरतं आणि मागे अक्षरं उमटत जातात. 'मामांकडून सप्रेम भेट' हा मजकूर त्यांनी इतक्या वेळा घातलाय, की तो लिहिताना ते गिऱ्हाइकाशी राजकारणावर बोलू शकतात. लग्नसराईत मोखाड्यापासून माणसं येतात. कोणत्या मामाने किती हलकं पातेलं दिलं हे उत्तमशेठना नवरीच्या आईच्या आधी कळतं, आणि ते कोणाला सांगत नाहीत. तसा माणूस पोटात ठेवणारा.

नाव घालण्यावर त्यांचा विश्वास आहे. त्यांचं म्हणणं, आळीत वस्तू फिरणारच. आमटीची वाटी समोरच्या घरी जाते, तिथून कोशिंबीर घेऊन तिसऱ्या घरी जाते. तिला अडवू नये. फक्त तिच्यावर नाव असावं, म्हणजे ती महिन्या-दोन महिन्यांनी का होईना, घरी येते. स्वतःच्या घरातल्या एकूण एक भांड्यावर त्यांनी नाव घातलंय. चहाच्या गाळणीच्या दांड्यावरही आहे.

आता मुद्द्याचं. उत्तमशेठच्या वडलांनी आळीतला पहिला टेलिफोन घेतला होता. तेव्हा उत्तमशेठ नऊ-दहा वर्षांचे. फोन कोणाचाही आला की त्यांनी पळत जाऊन त्या माणसाला बोलावून आणायचं. समोर ताट वाढलेलं असो, अंगाला साबण लागलेला असो, ठाण्याहून कोणाच्या जावयाचा फोन आला की उत्तम निघाला. बोलायला आलेला माणूस घरात बसून मोठमोठ्याने रडायचा किंवा भांडायचा, आणि घरच्यांनी तोवर आवाज न करता जेवायचं. पुढे लग्न झालं, विद्युल्लतावहिनी आल्या, आणि त्यांच्याबरोबर आळीतला पहिला फ्रिज आला. शेजारच्या गौराकाकूंचं इडलीचं पीठ त्यात राहायला आलं. पलीकडच्या पंढरीनाथांची इंजेक्शनं आली. एका श्रावणी सोमवारी खालच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेले बोंबील निघाले. ते कोणाचे होते ते आजतागायत कळलेलं नाही. बोंबलावर नाव घालता येत नाही, असं उत्तमशेठ त्यावर म्हणाले, आणि हे ते विनोद म्हणून म्हणाले नव्हते.

म्हणून दोन वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, किमयाने, घरी वायफाय घ्याच म्हणून धोशा लावला, तेव्हा उत्तमशेठनी वायर ओढायला आलेल्या सौरभला आधी आतल्या खोलीत नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "हे कोणाला दिसणार नाही असं करता येतं का?"

सौरभ म्हणाला, येतं. वायफायचं नाव लपवायचं. मग मोबाइलमध्ये जी नावांची यादी येते, तिच्यात ते येत नाही. ज्याला नाव माहीत आहे त्याने ते हाताने टाइप करायचं, मग पासवर्ड, मग लागतं. उत्तमशेठना हे फार पटलं. ज्या माणसाने जन्मभर वस्तूंवर नावं घातली त्याने आयुष्यात पहिल्यांदा एका वस्तूचं नाव काढून टाकलं. त्यामागचा हिशेब त्यांनी मला हे सगळं घडून गेल्यावर समजावला: वाटी गेली तर परत येते, नेट गेलं ते गेलं, त्याचं काय परत येणार? राउटर त्यांनी देवघरावरच्या गणपतीच्या मोठ्या तसबिरीमागे ठेवला. नवरा-बायकोचे दोन मोबाइल सौरभने जोडून दिले. खांबावरून घरात आलेल्या काळ्या वायरीबद्दल आळीला सांगण्यात आलं की ती टीव्हीची आहे, आणि मीही तेच धरून चाललो होतो.

गौराकाकूंनी एकदा तोंडावर विचारलं होतं. उत्तमशेठ म्हणाले, "नाही हो काकू, आम्हाला काय करायचंय नेट?" काकू म्हणाल्या, "खरंय बाबा. आम्हालाही कुठे आहे?"

वहिनींना हे मुळीच आवडलं नव्हतं. पण त्यांनी नवऱ्याला शब्द दिला होता आणि तो दोन वर्षं पाळला. तो मोडला हौशीच्या पोरीसाठी.

हौशी दाभोसा गावची. आठवड्यातून दोन-तीनदा जीपने जव्हारला येते आणि उत्तमशेठच्या दुकानाच्या पायरीवर भाजी मांडून बसते. तिची मुलगी रोशनी बारावी होऊन बसलेली. नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्यात मुलींना ऑपरेशनच्या खोलीतलं काम शिकवतात. राहणं-जेवण त्यांचं, आणि शिकून झालं की तिथेच नोकरी. रोशनीचा अर्ज पास झाला होता. उरली होती मुलाखत, ती ऑनलाइन, सकाळी अकराला. कॅमेरा लावून लॅपटॉपवरच द्यायची, मोबाइलवर उघडत नव्हती. लॅपटॉप तिने तिच्या जुन्या कॉलेजातून मागून आणला होता. नेट मात्र कॉलेज देत नव्हतं, कारण त्या दिवशी दुसरा शनिवार होता आणि कॉलेजला कुलूप होतं. ही मुलाखत हुकली तर पुढची वर्षभराने. आणि दिवाळी झाली की रोशनीच्या घरचे सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. तिलाही जावं लागलं असतं, आणि भट्टीवर गेलेली पोर दुसऱ्या वर्षी मुलाखतीला परत येते असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

वहिनी हौशीला म्हणाल्या, "पाठव आमच्याकडे. होईल व्यवस्था." उत्तमशेठना त्यांनी हे रात्री सांगितलं. मी वर होतो. खालून येरझाऱ्या ऐकू आल्या. मग उत्तमशेठ म्हणाले, "दार लावून घे म्हणावं."

त्या शनिवारी हौशी पोरीला सोडून भाजी घेऊन बाजारात गेली. रोशनीने आतल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडला. शहरातला मोबाइलचा टॉवर पहाटेपासून बंद होता. का, ते आमच्याकडे कोणी विचारत नाही. टॉवर असतो आणि नसतो. म्हणजे एका मोबाइलवरून लॅपटॉपला नेट देण्याची सोयही गेली होती, आणि जे काही होतं ते गणपतीच्या मागे होतं.

आता खरं तर उत्तमशेठनी आत जाऊन नाव आणि पासवर्ड सांगितला असता तर दोन मिनिटांत विषय संपला असता. ते आत निघालेही होते. पण तोवर रोशनीने दार न लावता वहिनींना जरा मोठ्याने विचारलं, "काकू, लिस्टमध्ये काहीच येत नाय. नेट कुठलं लावू?" आणि ते बाहेर ओट्यावर मेथी निवडणाऱ्या गौराकाकूंनी ऐकलं.

आमच्या आळीत कोणाचं शिलाई मशीन अडलं तरी चार माणसं जमतात, इथे तर मुलाखत होती. गौराकाकू मेथीसकट आत आल्या. पंढरीनाथ आले. ते तहसिलातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून कुठल्याही कामाला मोकळे असतात. आश्रमशाळेत संगणक शिकवणारा पराग समोरच राहतो, त्याला बोलावलं गेलं. वहिनींनी हाक मारून मलाही खाली बोलावलं. आणि एवढ्या सगळ्यांसमोर आता उत्तमशेठनी 'आमच्याकडे आहे' असं म्हणायचं होतं. ते सरळ दुकानात गेले आणि एका ताटावर नाव घालू लागले. त्या ताटावर 'सप्रेम' दोनदा पडलंय. ते अजून दुकानात आहे, विकलं जात नाही.

मग उपाय सुरू झाले. गौराकाकू म्हणाल्या, बंद करून चालू कर. केलं. पंढरीनाथ म्हणाले, पूर्ण बंद करून जरा गार होऊ दे. गार होऊ दिलं. पराग सरसावून बसला आणि म्हणाला की विमानाचं चिन्ह बघायला हवं, ते चुकून दाबलं गेलं की वायफाय बंद पडतं. ते दाबलेलं नव्हतं. त्याने ते दाबलं, मग सोडलं, आणि म्हणाला, "आता बघ."

यादी आली. यादीत एकच ओळ होती, आणि ती होती 'हिडन नेटवर्क'.

"सर, हे काय आहे?" रोशनीने विचारलं.

"ते काही नाही," पराग म्हणाला. "ते कंपनीकडूनच येतं. प्रत्येक लॅपटॉपात असतं."

मी परागकडे पाहिलं. हा मुलगा आठवड्याचे पाच दिवस मुलांना संगणक शिकवतो. त्याने ती ओळ वाचली होती आणि तो तिच्यावरून असा सरकला की जणू रस्त्यात वर्गणीवाली माणसं दिसली होती. मला वाटलं, ह्याला खरंच येत नसेल. दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

घड्याळ पुढे चाललं होतं. पंढरीनाथांनी सुचवलं की लॅपटॉप देवघराजवळ नेऊन पाहावा, तिथे भिंत पातळ आहे. दुकानातलं घुर्रर्र थांबलं आणि उत्तमशेठ मशीन हातात धरूनच दारात येऊन म्हणाले की देवघराजवळ नको, तिथे आज पुसलंय. तसबिरीमागे हिरवा उजेड लुकलुकत होता. तो सगळ्यांना दिसत होता. गौराकाकूंनी त्याला नमस्कार केला.

रोशनी सारखी लॅपटॉपच्या कोपऱ्यातली वेळ बघत होती. कपाळावर घाम आला होता आणि मुलाखतीसाठी घातलेल्या ओढणीनेच ती तो पुसत होती. मला त्या पोरीची फार दया आली आणि आमच्या सगळ्यांचा राग. चार शहाणी माणसं एका यंत्राभोवती बसलीत आणि एकालाही धड काही येत नाही, असं मला वाटत होतं. पराग म्हणाला, "आता वायफायचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून बघू."

"सर, पुन्हा टाकायला नेट लागतं ना?" रोशनी म्हणाली.

परागने हात मागे घेतला. अकराला दहा मिनिटं होती.

आणि तेवढ्यात उत्तमशेठच्या खिशातला मोबाइल टुंग वाजला. त्यापाठोपाठ परागच्या खिशातला. मग पंढरीनाथांचा, मग मेथीच्या पिशवीतून गौराकाकूंचा. आळीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर कोपऱ्यावरच्या घरातून कोणीतरी सूर्यफुलांचं शुभ प्रभात पाठवलं होतं. टॉवर पहाटेपासून बंद होता. माझा मोबाइल हातातच होता आणि तो मुका होता. माझ्याकडे वायफाय नाही, आणि ते काही तत्त्वापायी नव्हे, भाडेकरू आहे एवढ्याचसाठी.

कोणी मोबाइल बाहेर काढला नाही. पंढरीनाथ छताकडे बघू लागले. गौराकाकूंनी मेथीची एक काडी उचलली आणि निवडलेल्या पाल्यात टाकली. रोशनीने एकेकाच्या खिशाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं आणि मग मान खाली घालून ती पुन्हा यादी बघू लागली. तिला सगळं कळलं होतं. तिचं ते मान खाली घालणं मला अजून विसरता येत नाही.

विद्युल्लतावहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, नाव सांगा."

"कसलं नाव?" उत्तमशेठ म्हणाले.

"वायफायचं. की मी सांगू?"

उत्तमशेठनी मशीन खाली ठेवलं. आत आले, रोशनीच्या शेजारी उभे राहिले आणि तिच्याकडेही न बघता म्हणाले, "त्या हिडनवर दाब. नाव विचारेल. उत्तम भांडार घाल, इंग्रजीत." रोशनीने घातलं. लागलं नाही. पुन्हा घातलं. पुन्हा नाही.

"सगळी अक्षरं कॅपिटल," गौराकाकू म्हणाल्या. "आणि मध्ये जागा सोडायची नाही. सौरभ जागा सोडतच नाही. माझ्याकडेसुद्धा..." एवढं बोलून त्या थांबल्या.

मग पंढरीनाथ खाकरले आणि म्हणाले, "खाली चौकोन येतो बघ, आपोआप जोडा म्हणून. त्यात टिक कर, नाहीतर मध्येच सुटतं. हा नेहमीचा त्रास आहे." आणि परागने पुढे होऊन, एरवी विद्यार्थ्यांना दाखवतो त्याहून पुष्कळ सफाईने, पासवर्डाची खिडकी उघडून दिली.

सौरभने प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं होतं की ही सोय मी फक्त तुम्हालाच करून देतोय. हे मला त्याने नंतर चहाच्या टपरीवर सांगितलं. आमच्या आळीत पाच वायफाय आहेत आणि पाचांचीही नावं लपवलेली आहेत. म्हणजे सकाळपासून त्या टेबलाभोवती जी माणसं बसली होती, त्यातल्या मी आणि ती पोर सोडून प्रत्येकाला नेमकं काय करायचं ते ठाऊक होतं. काही येत नव्हतं ते मला एकट्यालाच.

उत्तमशेठनी पासवर्ड सांगितला आणि नेट लागलं. तोवर अकरा वाजून गेले होते. आम्ही सगळे स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. दार लोटलेलं होतं, पण आमच्या घरांत दारं ऐकू येण्यासाठीच असतात. लॅपटॉपमधून एका बाईंचा आवाज आला. त्या जरा करड्या सुरात म्हणाल्या, "रोशनी, आपण वेळ अकराची दिली होती. उशीर का झाला?"

उत्तमशेठनी डोळे मिटून घेतले.

"मॅडम, आमच्याकडे नेटवर्क नसतं," रोशनी म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. "आज तर टॉवरपण बंद आहे. इथल्या सगळ्या काका-काकूंनी सकाळपासून मेहनत केली, तेव्हा आत्ता लागलं."

"कुठून बोलतेस तू?"

"जव्हारवरून, मॅडम. गाव दाभोसा."

बाईंचा सूर एकदम मऊ झाला. "हो, हो. तुमच्या भागाची कल्पना आहे आम्हाला. घाबरू नकोस, सावकाश बोल."

आमच्या भागाची जी कल्पना त्यांना होती ती आम्ही पाच-सहा जण स्वयंपाकघरात उभे राहून ऐकत होतो. कोणी कोणाकडे बघितलं नाही. उत्तमशेठ हळूच म्हणाले, "माझीच चूक आहे सगळी." गौराकाकू म्हणाल्या, "तुझी एकट्याची कशाला?" आणि पदराने तोंड पुसलं. मुलाखत थोडक्यातच आटोपली, कारण पुढच्या मुलीची वेळ झाली होती. रोशनी बाहेर आली, सगळ्यांच्या पाया पडली. उत्तमशेठच्या पाया पडायला वाकली तेव्हा ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांच्या पाठीला ओटा लागला.

त्यानंतर पंधराएक दिवस आळीतली माणसं एकमेकांशी फार अदबीने बोलत होती. वायफायचा विषय कोणी काढला नाही आणि लपवलेलं नावही कोणी उघडं केलं नाही. उत्तमशेठ रोज संध्याकाळी बायकोला विचारायचे, "नाशिकचं काही कळलं?" वहिनी म्हणायच्या, "कळलं की कळेल." मी हे वरून ऐकायचो. एरवी पोटात ठेवणारा माणूस, पण ह्या गोष्टीने त्यांना खरोखर पोखरलं होतं. जेवण कमी झालं होतं. नाव घालताना गिऱ्हाइकाशी बोलणं बंद झालं होतं.

मग एका सकाळी हौशी आली. भाजी मांडायच्या आधीच दुकानात शिरली. मी तेव्हा कचेरीला निघालो होतो, तो पायरीवरच थांबलो.

"शेठ, घेतली पोरीला," ती म्हणाली. "नाशिकवरना फोन आला. येत्या सोमवारी सोडायला जायचं."

उत्तमशेठ उठून उभे राहिले. त्यांना हसू आलं आणि ते बराच वेळ तोंडावर राहिलं. त्यांनी वहिनींना हाक मारली. वहिनी आल्या, त्यांनी हौशीच्या हातावर साखर ठेवली. हौशीने टोपलीतून कर्टोल्यांचा मोठा वाटा काढून समोर ठेवला. पैसे घेईना.

"रोशनी घरी सांगं," ती म्हणाली, "तिथं तं नेट नव्हतंच, पण शेठ, काकू, मास्तर, सगळे सकाळधरना बसले, कुठून कुठून करून आणलं. मी गावात समद्यांना सांगते. त्या आळीत नेट नाय, पण माणसं लय चांगली हायेत."

उत्तमशेठचं हसू गेलं. त्यांनी एकदा आमच्याकडे, एकदा गणपतीच्या तसबिरीकडे पाहिलं.

"हौशे," ते म्हणाले, "नेट होतं. आमच्याकडे दोन वर्षांपासून आहे. आळीत सगळ्यांकडे आहे. मी ते लपवून ठेवलं होतं, म्हणून तुझ्या पोरीला लागत नव्हतं."

हौशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने टोपली डोक्यावर घेतली आणि, एखाद्या घरची अडचण उघड झाली की आपण जसे आवाज खाली आणून बोलतो, तशी बोलली.

"असू द्या शेठ. नसतं एकेकाच्या घरी. आमच्या तं गावातच नाय. त्यात काय लाजायचं?"